सुभेदाराचा घास

नर्मदामाईची शप्पथ! ग्वारीघाटावर कंबरभर पाण्यात उभी राहून, हातात तुळशीचं पान धरून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं सराफ्यात जाऊन विचारावं. विचारायला तिथं आता कोणी उरलं नसेल तर तो काही माझा दोष नाही.

गोष्ट सी. पी.च्या, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या, जमान्यातली. कमिशनर गोरा होता, स्टेशनावर तांगे होते, आणि ज्याच्याकडे सायकल असेल तो माणूस स्वतःला कमिशनरच्या एकच पायरी खाली समजायचा. सराफ्यामागच्या एका बोळात, जिथं समोरून कोणी आलं तर भिंतीला पालीसारखं चिकटावं लागे, तिथं पांढरीपांड्यांचं बिऱ्हाड होतं. घरात माणसं चार. निवृत्त मास्तर विष्णुपंत, त्यांची बायको नर्मदाबाई, शाळाखात्याच्या कचेरीत कारकून असलेला मुलगा दिवाकर, आणि सहा महिन्यांपूर्वी अमरावतीहून लग्न होऊन आलेली सून अनसूया. पाचवा सुभेदार. तो कुत्रा होता.

तो कसा आला ते ऐका. नवी नवरी स्टेशनावर तांग्यात चढली तेव्हा तिची एक चप्पल खाली पडली. सांगायची लाज वाटली, तांगा निघून गेला. सराफ्यात उतरून पाहते तर मागून एक पिवळा कुत्रा धापा टाकत येऊन राहिला, एक कान उभा, एक पडलेला, आणि तोंडात चप्पल! स्टेशनापासून सराफ्यापर्यंत, बाप्पा! चपलेला एक दात लागला नव्हता. चप्पल त्यानं तिच्या पायाशी ठेवली आणि उंबऱ्यावर असा बसला, जसा काही तो मुलूख त्याच्याच नावावर आहे. म्हणून सुभेदार.

सुनेनं माप ओलांडायच्या आधीच नर्मदाबाईंनी टोला हाणला, "लोकांच्या सुना रुखवतात भांडीकुंडी आणतात. आमची कुत्रं घेऊन आली!"

पण त्याला हाकललं मात्र कोणी नाही. आणि अनसूयेला तर त्याच्याशिवाय होतंच कोण? दिवाकर दिवसभर कचेरीत. बोळात सगळा हिंदीचा कारभार, ती हिला अर्धी कळे आणि अर्धी कळून तोंडातून निघत नसे. सासूसमोर जपून बोलायचं, सासऱ्यांसमोर बोलायचंच नाही. मग दुपारी मागच्या आंगणात भांडी घासता घासता ती सुभेदाराशी बोलायची, आईच्या घरच्या बोलीत, "काहून रे, असा काहून पाहून राहिला माह्याकडं?" अमरावतीची बोली त्या बोळात एवढ्या एकालाच कळायची.

असा हा गुणी कुत्रा. पण पावसाळा संपता संपता त्याला एक खोड लागली. बोळात सायकल आली की हा उडी मारून तिच्यावर जायचा. पायी माणूस गेला, डोळा उघडत नसे. टोपलीवाला गेला, शेपटी हलवे. सायकलवाला दिसला की मात्र गोळीसारखा सुटे, दोन्ही पंजे हँडलवर, भुंकून भुंकून बोळ डोक्यावर घेई. दूधवाला पडला. पोस्टमन भिंतीवर चढला आणि तिथूनच पत्रं टाकू लागला. 

इलाज काय कमी झाले? दिवाकरनं वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर मारली. मग सुभेदार दिवाकर आणि वर्तमानपत्र दोघांनाही भ्यायला लागला, सायकलींना काही भ्याला नाही. नर्मदाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. कोणी सांगितलं म्हणून मिरच्यांची धुरी दिली, तर घरातली माणसंच आठवडाभर शिंकून राहिली होती. आखूड दोरीनं खांबाला बांधला, तर तो दोरी ताणून ताणून इतका पिसाळल्यासारखा ओरडे की खांब थोडा वाकला. दगडी खांब होता, बरं का.

आणि मग एका रविवारी सकाळी रामराव आले.

रामराव म्हणजे दिवाकरच्या कचेरीतले हेडक्लार्क. डोक्यावर पगडी, पायात पंपशू, बुडाखाली विलायती सायकल. बोळाच्या वळणावर त्यांनी ऐटीत घंटी वाजवली, तिर्र तिर्र, आणि सुभेदार निघाला! सायकल एकीकडे, रामराव दुसरीकडे, आणि पगडी अशी उडाली की थेट कोपऱ्यावरच्या हलवायाच्या खव्याच्या कढईत. हलवायानं ती झाऱ्यानं काढली. तिच्यावर साय धरली होती.

रामराव उठले. धोतर फाटलं होतं. दात नव्हते लागले, पंज्याच्या नखात अडकून फाटलं होतं, पण ते कोण पाहतो?

"दिवाकरराव," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमच्याकडे सत्यनारायण आहे ना? मी येणार. याच सायकलीवर येणार. हा कुत्रा तेव्हा असाच अंगावर आला, तर सोमवारी म्युनिसिपल कमिटीची माणसं येतील. समजलं?"

कमिटीची माणसं म्हणजे काय ते सगळ्या बोळाला माहीत होतं. ती लाठ्या घेऊन येत आणि मोकळ्या कुत्र्यांना घेऊन जात. परत आलेला कुत्रा कोणी पाहिला नव्हता.

त्या दिवशी जेवताना दिवाकर खाली मान घालून म्हणाला, "मझौली गावचा गणपत पुढच्या रविवारी बैलगाडी घेऊन बाजारात येऊन राहिला. त्याला सांगून ठेवतो. शेतावर नेईल. मोकळा राहील तिथं."

"शेतावर दुसरे कुत्रे असतील ना?" अनसूयेनं दाराआडून विचारलं.

"असतील चार-पाच."

शेतावरचे कुत्रे नवख्याला काय करतात हे तिनं माहेरी पाहिलं होतं. ताटावर बसली आणि भात चिवडून उठली. नर्मदाबाईंनी पाहिलं, पण टोमणा काही मारला नाही.

सोमवारी देवघरातल्या चांदीच्या घंटेचा आतला लोलक निखळला. दोन दारं सोडून श्यामसुंदर सोनाराचं दुकान होतं. म्हातारा, डोळ्याला भिंग, जिभेवर साखर. अनसूया घंटा घेऊन गेली, सुभेदार दोरीनं बांधलेला बरोबर. श्यामसुंदरनं चिमट्यानं कडी जोडली आणि पारखायला घंटा हलवली. टिणटिण.

सुभेदारानं दोरीला असा हिसका दिला की अनसूयेच्या हाताला वळ उठला. एका उडीत तो श्यामसुंदरच्या शेगडीपुढं! आता चावतो, म्हणून तिनं डोळे मिटले. भुंकणं आलं नाही. उघडून पाहते तर हा ढुंगण टेकून बसलेला, शेपटीनं राख झाडून राहिला, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत, आणि नजर कुठं? म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नाही, पायाकडे नाही. हाताकडे.

"अरे बहूजी," श्यामसुंदर हसला, "ये काटता-वाटता कुछ नहीं। ये तो रोटी माँग रहा है।"

"रोटी?"

"और क्या। हाथ देखो, हाथ ताक रहा है।"

तिनं घंटा आपल्या हातात घेतली, वाजवली. सुभेदार गर्रकन वळला आणि तिच्या हाताकडे पाहू लागला. तेवढ्यात बोळातून कोणी सायकलवाला गेला, तिर्र तिर्र, आणि तो बाहेर झेपावला, तीच लाळ, तीच शेपटी. सायकलीची घंटी आणि देवाची घंटा, दोन्हींचा आवाज अगदी एका घरचा. अनसूयेनं घंटा चटकन पदरात गुंडाळली.

आता ऐका, घरात रोज काय होत होतं. विष्णुपंत नैवेद्य दाखवायचे, घंटा वाजवायचे, आणि मग त्या ताटातले तीन घास बाजूला काढायचे. एक गायीचा, एक कावळ्याचा, एक कुत्र्याचा. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. घंटेचा नाद विरायच्या आत सुभेदाराचा घास मागच्या पायरीवर पडलेला असे. बोळात गाय शिरूच शकत नव्हती, म्हणून गायीचाही घास तोच खायचा. कावळा उशिरा आला तर कावळ्याचाही. रोज, सहा महिने. घंटा वाजली की वरण-भात, घंटा वाजली की वरण-भात. आणि पावसाचा जोर कमी झाल्यावर बोळात सायकली वाढल्या, तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं, अरे, आता तर देव दिवसातून वीसदा जेवून राहिला!

तो कोणाच्या अंगावर जात नव्हताच. तो ताट मागायला जात होता. आणि माणसं लाथ मारायची. मग भ्यायचा, म्हणून भुंकायचा.

एवढंच नाही. अजून एक गोष्ट तिच्या डोक्यात आली आणि तिला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नाही. सुभेदार सायकलवर धावला की सासूबाई दारातून काय ओरडायच्या? "ये रे, ये रे सुभेदारा, भाकर घे!" आणि भाकरीचा तुकडा दाखवून त्याला आत घ्यायच्या. म्हणजे घंटीवर धावायचं, गोंधळ घालायचा, की भाकर. देवानं शिकवलं अर्धं, सासूनं शिकवलं अर्धं.

हे सासऱ्यांना सांगायचं कसं? तिनं दिवाकरला गाठलं. "अहो, तुम्ही सांगा ना मामंजींना, घास उशिरा द्या म्हणावं."

"मी? देवाच्या कामात मी? बाबा मला घरातून काढतील, कुत्र्याच्या आधी."

शेवटी तीच गेली. डोक्यावर पदर, नजर पायाच्या बोटांवर. विष्णुपंत संध्या आटोपून बसले होते. सहा महिन्यांत सून त्यांच्याशी पहिल्यांदा बोलून राहिली होती, आणि बोलली ती तब्बल घटकाभर. घंटा, घास, सायकल, भाकर, लाळ, सगळं.

विष्णुपंतांनी चष्मा काढला, पुसला, लावला. आतून नर्मदाबाई ओरडल्या, "म्हणजे माझ्या भाकरीनं बिघडवला म्हणते ही त्याला!"

"तुझ्या भाकरीनं आणि माझ्या घंटेनं," विष्णुपंत म्हणाले. "चाळीस वर्षं पोरं शिकवली, पण असा चटकन शिकणारा एक नाही भेटला. आपण शिकवलं चुकीचं, तर छडी त्याला काहून?" मग म्हणाले, "शास्त्रात घास सांगितला आहे, सूनबाई. घाई नाही सांगितली. बोल, काय करायचं?"

झालं, दुसऱ्या दिवसापासून घरात शाळा भरली. विष्णुपंत घंटा वाजवायचे आणि घास काढून तबकात झाकून ठेवायचे. घंटेवर काहीही मिळायचं नाही. सुभेदार मागच्या दारी पोत्यावर जाऊन गप बसला, की मग अनसूया म्हणे, "घे रे राजा," आणि घास ठेवी. तिकडे श्यामसुंदर लांबून, आपल्या दुकानातली एक घंटी वाजवायचा. सुभेदार पोत्यावर बसून अनसूयेकडे पाहत राहिला, तर पोळीचा चतकोर. उठला, तर काही नाही. मार नाही, ओरडा नाही, भाकर तर नाहीच नाही. सगळे आपले भिंतीकडे तोंड करून उभे.

पहिल्या दिवशी वाईट झालं. घंटेवर घास आला नाही म्हटल्यावर तो इतका भुंकला की बोळातली कबुतरं उडाली ती पार शहराबाहेरच्या गढ्याला जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. दिवाकर म्हणाला, "हे तर वाढून राहिलं!"

"वाढणारच," अनसूया म्हणाली. "नळाला पाणी आलं नाही तर तुम्ही काय करता? आधी जोरानं पिळता ना?"

दिवाकरनं बायकोकडे पाहिलं. इतकं लांब वाक्य ती त्याच्याशीही पहिल्यांदाच बोलली असावी.

गुरुवारी तो पोत्यावर टिकायला लागला. शुक्रवारी दिवाकरनं एकाची सायकल मागून आणली आणि बोळात फेऱ्या मारल्या, आधी लांबून, मग जवळून. त्याला सायकल येत नव्हती, म्हणून कुत्र्यानं न पाडताही तो तीनदा पडला. पण सुभेदार उठला नाही.

आणि शनिवारी सगळं पुन्हा पाण्यात! सकाळी दूधवाल्याची घंटी वाजली आणि हा उठून दारातून धूम. काहून? दोन दिवस बरा होता ना? मग अनसूयेची नजर नर्मदाबाईंच्या पदराकडे गेली. पदराच्या गाठीत भाकरीचा तुकडा.

"सासूबाई..."

"काय सासूबाई!" नर्मदाबाईंचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. "काल दुपारी सायकल गेली तर बिचारा बसल्या जागी थरथरून राहिला होता. इतकंसं तोंड करून पाहत होता. दिला मी तुकडा, दारात बोलावून दिला! उद्या जाऊन राहिला ना तो मझौलीला? उपाशी पाठवू?"

अनसूयेला रागच येईना. सासूबाई तिच्याहून जास्त रडून राहिल्या होत्या. तिनं त्यांचा हात धरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"तुम्हीच द्या तुकडा," ती म्हणाली. "पण पोत्यावर बसला तरच. आजचा दिवस तुम्हीच त्याच्या मास्तरीण."

मग काय, दिवसभर नर्मदाबाई सोवळं सोडून मागच्या दारी पोत्याशेजारी बसून होत्या. श्यामसुंदर घंटी वाजवून वाजवून दमला. बोळातले लोक विचारत, "माताजी, क्या चल रहा है?" त्या म्हणत, "चुप! पढ़ाई चल रही है!"

रविवार उजाडला. बोळाच्या तोंडाशी गणपतची बैलगाडी उभी. दिवाकरनं त्याला थांबायला सांगितलं होतं, गाडीत कडबा अंथरलेला, दोरी तयार. आत केळीचे खांब, चौरंग, शिऱ्याचा वास. अनसूया शिऱ्याचं पातेलं दोन्ही हातांत धरून माजघरातून येऊन राहिली होती, आणि नेमकं तेव्हाच वळणावर वाजलं. तिर्र तिर्र.

सुभेदार पोत्यावर होता, पोतं आज पुढच्या दाराशी आणलेलं. उठला.

तिच्या कमरेला पोळीचे तुकडे बांधलेले होते, पण हात गुंतलेले. आणि पातेल्यातला शिरा? अजून नैवेद्य दाखवायचा होता. देवाआधी तो कुत्र्याला तर सोडाच, घरच्या लेकरालाही देता येत नाही. पातेलं खाली ठेवावं तर उंबऱ्यात लोकांचे पाय. नर्मदाबाई आत सोवळ्यात. कोणीच नाही. तिनं फक्त तोंड उघडलं, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, सासऱ्यांसमोर, आईच्या घरच्या बोलीत म्हणाली:

"बैस रे माह्या राजा. कोठी जाऊ नको."

सुभेदारानं रस्त्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. तोंडातून तार सुटली होती, पुढचे पाय जाग्यावरच नाचून राहिले होते. आणि मग त्यानं हळूच ढुंगण टेकलं.

रामरावांनी पुन्हा घंटी वाजवली. मुद्दाम, हे सगळ्यांना कळलं. सुभेदार कण्हला, पण टेकलेलं टेकलेलंच. तिसऱ्यांदा वाजवली, लांबलचक. अनसूयेचे हात पातेल्याच्या चटक्यानं लाल होऊन राहिले होते, पण ती हलली नाही, कारण ती हलली असती तर तोही हलला असता. सुभेदारानं मान खाली घातली आणि तिच्या पायावर हनुवटी ठेवली.

मग रामराव सायकलीवरून उतरले. दारात आले. त्यांनी अनसूयेच्या कमरेचा पोळीचा तुकडा मागून घेतला, खाली बसले, धोतर सावरून, आपल्या हातानं सुभेदाराला भरवला आणि म्हणाले, "माफ कर रे बाबा. चूक माझी होती."

गणपत गाडीवरून ओरडला, "मग येऊन राहिला की नाही हा? बैल कंटाळले!" दिवाकर धावत बाहेर गेला आणि रिकाम्या गाडीत शिऱ्याचा द्रोण ठेवून आला, प्रसाद झाल्यावर, आधी नाही. आणि त्या दिवशी घरात नैवेद्याची घंटा वाजली तेव्हा सुभेदार पोत्यावर झोपला होता. घोरत.

अच्छा, ठीक आहे. एक गोष्ट मी पदरची घातली. असं काय पाहता? रामराव खाली बसले नव्हते. भरवलंही नाही, माफी तर त्यांनी जन्मात कोणाची मागितली नाही. तिसऱ्यांदा घंटी वाजवून झाल्यावर ते नुसते उतरले, घंटीवर हाताचा पंजा ठेवला, तिचा आवाज होऊ नये म्हणून, आणि सायकल हातानं ढकलत कुत्र्याच्या बाजूनं हळूच आत आले. एवढंच. बाकी सगळं खरं आहे, खव्यातल्या पगडीसकट.